मायेची हाक

धैर्यशीलचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा तो कप्तान. संघातल्याच नायजेरियन ओबिन्नाला त्यानं भर मैदानात "काळ्या, पास दे!" म्हणून हाक मारली, त्याची फुटबॉल संघटनेच्या साहेबांपुढं ही चौकशी.

"मायेची हाक हाय साहेब," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "आमच्यात चालतंय. साक्षीदारच आणलाय बघा. अख्खी पेठ ह्यालाबी काळ्याच म्हणती. वीस वर्सं संगं खेळलोय. कधी राग आला का रं?"

कोपऱ्यातला काळ्या नुसता हसला.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. "साक्षीदाराचं पूर्ण नाव लिहा."

धैर्यशीलनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. ज्याच्या पासवर गोल मारले, ज्याच्या वरातीत घामाघूम होईस्तोवर नाचला, त्याचं नाव काही केल्या आठवेना. लग्नपत्रिकेवर काय छापलं होतं? त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"जोतिराम चौगुले," समोर बसलेला ओबिन्ना मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "मी पहिल्या दिवशी विचारला."

कोपऱ्यातल्या माणसानं चटकन ओ दिली.