दोन सेकंदांची घंटी

सहावी चाचणीही पास झाली, तशी कौसल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

वीजकेंद्रातला हा नवा संगणक बॉयलरच्या क्षणाक्षणाच्या नोंदी ठेवायचा. दाब वाढला, की दोन सेकंदांत घंटी वाजायला हवी. उत्तर बरोबर पण उशिरा आलं, तर नापास. तिने आधी पाचशे, मग एकदम हजार नोंदी त्याच्या अंगावर सोडल्या. पठ्ठ्या एकदाही अडखळला नाही.

तिला तो नापासच हवा होता. संगणक हट्टाने आणला होता मुख्य इंजिनिअर वामनरावांनी. आज तो पडला असता, तर पाच बड्या साहेबांसमोर त्यांचं नाक कापलं गेलं असतं. तेवढ्यासाठी तर तिने मुख्य कचेरीत भांडून ही चाचणी स्वतःकडे घेतली होती.

बारा वर्षांपूर्वी इथेच बॉयलर फुटला. तीन माणसं भाजून मेली. घंटी वाजलीच नाही, अशी साक्ष पाळीवर असलेल्या वामनरावांनी दिली. घंटीची देखभाल होती कौसल्याच्या बापाकडे, रुपरावांकडे. त्यांची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. मेलेल्यांच्या बायका अजून त्यांचं तोंड पाहत नाहीत. हुडकेश्वर वस्तीतल्या खोलीत म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतो, "माही घंटी ठीक होती गा." ऐकतो कोण?

लग्नानंतर आडनाव बदललेल्या या बाईला वामनरावांनी ओळखलं नव्हतं.

"झालं ना बाई? की पोतडीत अजून काही आहे?" चहाचा कप उचलत त्यांनी विचारलं. साहेब लोक हसले.

"एक राहिली."

तिने जुन्या तक्त्यांवरून उतरवलेले आकडे काढले आणि संगणकाला दिले. आता तीच एक आशा होती.

घंटी वाजली. वामनराव साहेबांना कसलासा किस्सा सांगत होते. त्यांनी न बघताच हात लांब केला, बटण दाबलं, घंटी बंद केली. किस्सा चालूच राहिला.

प्रिंटरमधून कागद सरकला. घंटी वाजली, १.८ सेकंद. घंटी हाताने बंद, ३.१ सेकंद.

दुसऱ्या ओळीवर कौसल्याची नजर खिळली. राग कुठल्या कुठे गेला. आता तिला घाई नव्हती.

"साहेब, घंटी काहून बंद केली?"

"मी?" वामनरावांनी बटणाकडे पाहिलं. "सवय हो. दिवसभर वाजतच राहते इथली घंटी."

"आकडे सात मार्च चौऱ्याहत्तरचे आहेत. बॉयलर फुटला, त्या दिवसाचे. मी रुपरावांची पोरगी."

पाचही साहेब वळून वामनरावांकडे पाहू लागले.

"अवं बाई, त्या दिवशीही सकाळपासून तीनदा उगाच वाजली होती ती!" वामनराव चिडून बोलून गेले. "चौथ्यांदा खरी वाजून राहिली, हे मले काय मालूम?"