निरोपाची धार

पहाटे सासूबाई म्हशीची धार काढायच्या आणि अर्धवट झोपेतल्या चारुशीलाला वाटायचं, चरवीत कुणी घुंगरं ओततंय. पंधरा दिवसांपासून आवाज विरत चालला होता. “म्हैस आटली,” म्हणत सासूबाईंनी ती विकायला भूमच्या बाजारासाठी टेम्पो सांगितला. मागच्या आठवड्यात आरोग्यशिबिरात डॉक्टरांनी सासूबाईंच्या हातात मुठीची ताकद मोजायचं यंत्र दिलं तेव्हा काटा हललाच नव्हता. “यंत्रच बिघडलंय,” त्या म्हणाल्या होत्या. आज टेम्पो दारात आला. निरोपाची धार म्हणून चारुशीला स्वतः बसली. म्हशीनं पान्हा सोडला, घुंगरं वाजू लागली, फेस काठावर आला. सासूबाई स्वप्नात चालल्यासारख्या जवळ आल्या, आपल्याच तळव्यांकडं बघत राहिल्या. चारुशीलानं आपली बोटं पुढं केली. “आत्याबाई, दाबा बरं.” जणू कापूस टेकला. चारुशीलानं म्हशीपुढं वैरण टाकली, सासूबाईंना टेम्पोत बसवलं. “म्हैस न्हाय न्यायची?” टेम्पोवाल्यानं विचारलं. “न्हाय. दवाखान्याकडं घ्या. म्हैस ठणठणीत हाय.”