तारीख आजची

रक्तपेढीचा सर्व्हर तासातासाला बंद पडत होता, म्हणून तंत्रज्ञ बाईंना बोलावलं होतं. "ऑपरेटिंग सिस्टीम परवाना टाकून अ‍ॅक्टिव्हेट केलेलीच नाही. चाचणीची मुदत संपली की ती अशीच बंद पडते," त्या म्हणाल्या. व्यवस्थापक हसले. "सोपं आहे. तारीख आणखी महिनाभर मागे घ्या, निमूट चालतं." बाईंचा हात कीबोर्डवरच थांबला. "आणखी? म्हणजे आत्ताही मागेच आहे? आणि रक्ताच्या पिशव्यांची मुदत कोण तपासतं?" "हेच मशीन," म्हणताना व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंनी कपाटात पडून राहिलेला परवाना काढायला लावला, कंपनीला फोनवर त्यावरचा एकेक आकडा खणखणीत वाचून दाखवला, अपडेट चढवले आणि तारीख आजची केली. पडद्यावरच्या हिरव्या यादीतल्या सात पिशव्या लाल झाल्या. त्यातली एक घेऊन नर्स वॉर्डाकडे निघालीच होती. बाईंनी धावत जाऊन पिशवी तिच्या हातातून काढली. "ताई, हिरव्यातली त्याच गटाची दुसरी घ्या. आता त्या रंगावर खुशाल विश्वास ठेवा."