झाकली मूठ

"हात वर करू नका हो," सरांची बायको त्यांच्या कानाशी पुटपुटली. पण सरांचा हात वर गेलाही होता.

वाचनालयाच्या सभागृहात रविवार सकाळची चर्चा रंगात आली होती. सिनेमाची दिग्दर्शिका स्वतः मंचावर बसलेली. तिचा चहा केव्हाचा निवत होता, कारण लोक तिला बोलूच देत नव्हते.

सिनेमा होताच तसा. एक नवरा, एक बायको, एक घर. पहिल्याच प्रसंगात घराची पितळी किल्ली हरवते आणि बायको ती शोधायला बाहेर पडते. थोड्या वेळाने ती परत येते. पण त्यानंतर नवऱ्याखेरीज तिच्याशी कोणी म्हणजे कोणी बोलत नाही. ती खरंच परत आली, की हा एकटाच बडबडतोय? शेवटी तो जेवायला बसतो, समोरची खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर अंधार. संपला सिनेमा. बसा आता डोकं खाजवत.

दातांचे डॉक्टर म्हणाले, बाई पहिल्याच दिवशी गेली, पुढचे सगळे त्याच्या मनाचे खेळ. कॉलेजातली एक मुलगी ताडकन उठली. तिच्या मते बायको खरी होती आणि नवराच अस्तित्वात नव्हता. डॉक्टरांच्या सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं, असल्या नवऱ्याला कंटाळून ती बहिणीकडे गेली असणार आणि बरंच केलं तिने. सभागृह खो खो हसलं. एका निवृत्त इंजिनिअरांनी तर कबूलच करून टाकलं की आपल्याला काडीचं कळलं नाही, पण सिनेमा डोक्यातून जात नाही म्हणून पुन्हा पाहून आलो. जितकी डोकी तितके सिनेमे. कौतुक मात्र सगळ्यांच्याच तोंडी होतं.

आणि आता सर बोलणार होते. त्यांच्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

सर गणित शिकवायचे, अजूनही शिकवतात. काही वर्षांपूर्वी आजारपणात त्यांची दृष्टी गेली. सिनेमाचं वेड मात्र गेलं नाही. तेव्हापासून ही त्यांच्या शेजारी बसून पडद्यावरचं सगळं कानात सांगायची. कपडे शिवणारी बाई ती. अस्तनीतला सैल टाका तिला लांबून दिसायचा, मग पडद्यावरचं काय सुटणार? या सिनेमात घरी परतलेल्या बायकोची उजवी मूठ सतत मिटलेली होती. हिने ते लगेच टिपलं आणि दर प्रसंगाला सरांना सांगितलं, मूठ मिटलेलीच आहे हो.

मग ती रिकामी खुर्ची आली. सरांनी अंधारात हिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आहे ना गं ती?"

ज्या माणसाची स्वतःची बायकोसुद्धा आता नुसता आवाज होऊन राहिली आहे, त्याला 'खुर्ची रिकामी आहे' असं कसं सांगायचं? हिची जीभच रेटली नाही. ही म्हणाली, आहे. समोर बसली आहे. तिने मूठ उघडली. आत किल्ली आहे.

सर इतके खूश झाले की घरी येईपर्यंत त्याच किल्लीबद्दल बोलत होते. नंतर खरं सांगू, असं म्हणत हिने ते टाळलं. आणि हे आज चर्चेला येऊन बसले.

"सोपं आहे," सर उभे राहून म्हणाले. "बायको खरी. शेवटी ती मूठ उघडते आणि हरवलेली किल्ली तिच्या हातात असते. भासाला किल्ली उचलता येत नाही."

सभागृहात कुजबुज झाली. कुठली किल्ली? मागे कोणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शिकेने कप खाली ठेवला.

"तुम्ही ती किल्ली पाहिलीत?" तिने विचारलं.

"हो. पितळी."

आता हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. झाकली मूठ झाकलीच राहू द्यावी, असं हिला क्षणभर वाटलं. गप्प बसलं तर लोक सरांना हसतील. बोललं तर सरांना कळेल की आपली बायको खोटं सांगते. तिच्या एका शब्दावर ते वाहता रस्ता ओलांडायचे. उद्यापासून पाऊल उचलण्याआधी त्यांना शंका आली तर? पण त्यांच्यावर कोणी हसावं, हे तिला बघवेना. सरांचा हात धरून ती उठली.

"ह्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "सिनेमा मी सांगते. खुर्ची रिकामीच होती. ती मूठ मिटलेली पाहून पाहून मीच ती उघडली आणि किल्ली मनाने घातली. चूक माझी आहे. ह्यांना हसू नका."

कोणी हसलं नाही. सर सावकाश खाली बसले. त्यांचा हात तिच्या हातातून सुटला आणि त्यांच्याच गुडघ्यावर जाऊन पडला. आपण आज काय गमावलं ते तिला कळून चुकलं आणि तिचे डोळे भरून आले.

दिग्दर्शिका मंचावरून उतरली. रांगेतून वाट काढत या दोघांपाशी आली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

"शेवटी ती मूठ उघडते, असं दृश्य आम्ही घेतलं होतं," ती म्हणाली. "सिनेमा लागायच्या आधी मीच ते कापलं, कोणाला दाखवलंसुद्धा नाही. बाई, तिच्या मुठीत किल्लीच होती."