आतली भिंत

मुलगा सॉनात वाफ घ्यायला बसला की आई पलीकडून आपल्या खोलीची भिंत पुसायला घ्यायची. भिंतीला घाम फुटलेला असायचा. कपाट थोडं पुढे ओढायचं, जुन्या मऊ फडक्याने हात पोचेल तिथवर पुसायचं, फडकं पिळायचं आणि कपाट पुन्हा ढकलून जागच्या जागी लावायचं. तेवढ्यानेही तिला धाप लागे. मग ती पलंगाच्या कडेवर बसून राही.

मुलगा रुग्णवाहिका चालवायचा. रात्रपाळी करून सकाळी घरी आला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. बूट काढायचा आणि तडक सॉनात शिरायचा. अडगळीच्या खोलीत स्वतःच्या हाताने फळ्या ठोकून, शेगडी बसवून त्याने तो केला होता. आत जाताना तो कुणाचाच नसायचा. बाहेर आला की निदान "चहा आहे का गं?" एवढं तरी विचारायचा.

त्या सकाळी तिने फडकं टेकवलं मात्र, भिंतीचा ताटाएवढा पोपडा सुटला आणि धप्पकन तिच्या पायाशी पडला. आतल्या लाकडी पट्ट्या काळ्याठिक्कर दिसत होत्या. ओल्या गोणपाटासारखा वास खोलीभर पसरला.

पंचा गुंडाळून मुलगा धावत आला. अंगातून वाफा निघत होत्या. आधी त्याने आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग तिच्या हातातल्या फडक्याकडे.

"कधीपासून आहे हे?"

"झाले थोडे दिवस."

त्याने कपाट ओढून बाजूला केलं. मागे छतापर्यंत बुरशी चढली होती. आईच्या लोकरी शालीची घडी खालच्या कप्प्यात होती, तीही दमट लागली.

"आणि तुझा खोकला? धुळीचा म्हणालीस ना?"

आई फडक्याची घडी घालू लागली.

"रात्रभर लोकांना धाप लागलेली ऐकत गाडी पळवतो मी," तो म्हणाला. आवाज चढवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. "आणि घरात माझीच आई... बोलली का नाहीस?"

"तिथून बाहेर आलास की जरा माणसात येतोस रे," आई म्हणाली. "तेवढंही काढून घ्यायचं का तुझं?"

कपडे चढवून तो पहार घेऊन आला आणि सॉनाच्या बाजूने एकेक फळी उचकटायला लागला. फळ्यांमागे ऊब धरायला भरलेला लोकरीचा थर भिजून लगदा झाला होता. हात घातला तर बोटांमधून पाणी गळलं. बाकीच्या तिन्ही भिंतींना त्याने फळ्यांखाली चांदीसारखा कागद नीट चिकटवून घेतला होता, वाफ आत मुरू नये म्हणून. ही घरातलीच भिंत, हिला कशाला, म्हणून सोडून दिली होती. शिवाय, उष्णता टिकावी म्हणून हवेच्या झरोक्यात बोळा कोंबलेला. आणि वाफ घेऊन झाली की तो मागे दार लावून घ्यायचा. ती सगळी वाफ गेली होती ती आईच्या खोलीत.

बोळा ओढून काढून त्याने कोपऱ्यात फेकला. ओला लगदा बादल्या भरभरून अंगणात नेला. आई पलीकडून पडलेला चुरा सुपलीत भरत होती. थांब म्हटलं तरी थांबत नव्हती. बघता बघता सॉना आणि तिची खोली यांच्यामध्ये नुसते उभे वासे उरले.

सून दुपारी कामावरून आली. खांद्यावरची पिशवीही न काढता ती दारातच उभी राहिली.

"आता हा पसारा कोण आवरणार?"

सॉनातल्या बाकावर तिचा नवरा भिंतीला डोकं टेकून बसला होता. वाशांच्या पलीकडे, पलंगावर सासूबाई. दोघांच्याही भुवयांवर पांढरी धूळ होती. उघड्या खिडकीतून येणारी झुळूक एका खोलीतून दुसरीत सरळ जात होती.

"चांदीचा कागद आणायला हवा," मुलगा डोळे मिटूनच म्हणाला. "उद्या नवीन लोकर भरतो. वाफ घेऊन झाल्यावर दार उघडं ठेवत जाईन. शेगडी थोडा वेळ तशीच चालू ठेवली की लाकूड वाळतं."

"हं," आई म्हणाली.

"उद्या लगेच बंद करून टाकतो आई, तुझी बाजू."

आईने वाशांमधून हात घातला आणि त्याच्या केसांतला भुसा झटकला.

"घाई नको करूस," ती म्हणाली. "जरा वारा लागू दे."