डेसमामाचा कान

"आठवडाभर शाळेच्या बसमधून लोकांची पोरं ने-आण करायची आणि शनिवारी ह्या दोघांना," नोलीन स्टिअरिंगशीच पुटपुटली. "तिसरा शनिवार आहे हा."

"ऐकू येतंय," शेजारी बसलेला तिचा नवरा डेस म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

मागच्या सीटवर भाची टेगन बसली होती. मांडीवरच्या पिशवीत चौदा हजार डॉलर होते. चार वर्षं ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड गावच्या बेकरीत पहाटे तीनला पीठ मळून साठवलेले. तिला टर्बो इंजिनची जुनी जपानी गाडी हवी होती. निवड चुकली तर पुन्हा चार वर्षं पीठ. म्हणून तिने निवड डेसमामावर सोपवली होती.

मामाच्या शब्दाला गावात वजन होतं. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात तीस वर्षं तो सुटे भाग विकत होता. कुठला बोल्ट कुठल्या सालच्या गाडीला बसतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

पहिल्या शनिवारी निळी सुबारू पाहिली. मामाने बॉनेटवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे. आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीस. थंडीत सुरू होताना ती काय करते, ते आम्हाला कळू नये म्हणून ना?"

मालकाने काहीतरी पुटपुटत गॅरेजचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी लाल सेलिका. मामाने दाराच्या रबराखाली बोट फिरवलं. तिथेही ताजा रंग.

"कुठे ठोकलीस?"

"थोडीशी घासली होती."

"थोडंसं घासल्यावर अख्खी बाजू रंगवतात का रे?"

टेगनला दोन्ही गाड्या आवडल्या होत्या. परतताना ती खिडकीबाहेर बघत बसायची.

"प्रेमात पडायचं काम तुझं," मामा म्हणायचा. "खोडा घालायचं माझं."

आज सेसनॉक गावाबाहेर, गाडी विकणाऱ्या बेवनच्या अंगणात पांढरी निसान उभी होती. बॉनेट गारठलेलं. मामाने तेलाची कांडी ओढून वास घेतला, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी तपासली आणि नेहमीप्रमाणे डावीकडे जाऊन बसला.

"तू चालव," तो बेवनला म्हणाला. "मालक कशी चालवतो त्यावरून गाडीने काय भोगलंय ते कळतं."

बेवन खूश झाला. "काका, असं म्हणणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे येतात ते थेट किल्ली मागतात आणि माझे टायर जाळतात."

वीस मिनिटांनी ते परतले तेव्हा मामाचे डोळे मिटलेले होते.

"टर्बो शीळ घालतोय, किंचाळत नाही," तो उतरत म्हणाला. "तिसऱ्या गिअरला कुरकुर आहे, पण ती गिअरची नाही, ह्याच्या डाव्या पायाची. क्लच अर्धाच दाबतो."

"बायको पण हेच म्हणते," बेवन ओशाळून म्हणाला.

"घे, पोरी. हीच."

टेगनने एकही प्रश्न विचारला नाही. पिशवी बेवनच्या हातात दिली. कागदांवर सह्या झाल्या. बेवनने किल्ली तिच्यापुढे धरली.

"मला नोव्हेंबरपर्यंत चालवता येणार नाही," ती म्हणाली. "हिरवी पाटी आहे माझी. नवशिक्यांनी एवढ्या ताकदीच्या गाडीला हात लावायचा नाही, असा कायदा आहे."

"मग काका, तुम्हीच न्या." बेवनने किल्ली मामाकडे वळवली. "जाणकाराच्या हाती जातेय, बरं वाटलं. वळणांवर बघा कशी रस्त्याला चिकटते."

मामाने खिशातले हात काढले नाहीत.

"आत्ताच तापलीय. सोमवारी नेऊ."

"वीस मिनिटांत कसली तापते? आणि मी उद्या पहाटे पर्थला चाललोय, कायमचा. घर रिकामं. आजच न्यावी लागेल."

मामा टायरकडे बघत राहिला. नोलीन आपल्या गाडीतून उतरली, बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

टेगनने मामाच्या कोपरात हात घातला.

"किल्ली मामीला द्या," ती बेवनला म्हणाली. "मामीची गाडी मी आणते, मामा माझ्या शेजारी बसेल. त्याला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती."