नाचाच्या वर्गाचा आरसा

बरणीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि ती बघतच राहिली.

"ॲसिड!" मागून बाबा ओरडले. "झोपलीस का?"

तिने घाईघाईने ॲसिडचे थेंब सोडले आणि बरणी हलवली. पाणी पुन्हा नितळ झालं. कथिलाचं क्लोराइड असंच नाठाळ. नुसत्या पाण्यात घातलं की रुसतं, ॲसिडचा धाक दाखवला की सरळ येतं. पण त्याच्यावाचून भागत नाही. ते आधी काचेवरून फिरलं तरच चांदी काचेला नीट धरते, नाहीतर पापुद्र्यासारखी सुटून येते.

काच चौकटीवर आडवी पसरली होती. दारापेक्षा मोठी, नाचाच्या वर्गासाठी. एवढी काच ती पहिल्यांदाच एकटीने करत होती. शिवाय तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. आरशांच्या दुसऱ्या एका कारखान्याने तिला कामाला बोलावलं होतं आणि आज संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. इतकी वर्षं बाबांच्या हाताखाली काढली, पण कौतुकाचा शब्द म्हणून नाही. आरसा उभा राहिला की धूळ बसू नये म्हणून ते तिच्या मागूनच त्याच्यावर चादर टाकत आणि म्हणत, "ठीक आहे." आजही तेवढंच आलं, तर ती जाणार होती.

तिने कथिलाचं पाणी काचेवरून फिरवलं आणि शुद्ध पाण्याने धुऊन काढलं. त्यातलं क्लोराइड जरा जरी मागे राहिलं, तर ते चांदीला गाठतं आणि आरशाऐवजी पांढरा गाळ पदरात पडतो.

"अजून धू," बाबा म्हणाले. तिने धुतलं.

"अजून."

"बाबा, आता काच विरघळेल!"

मग चांदीचं द्रावण, त्यात साखरेचं पाणी, आणि सगळं एका दमात काचेवर. द्रावण तपकिरी झालं. काळं झालं. एक कोपरा चमकला. मग कड चमकली. मग ती चमक काचभर धावतच सुटली! तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

पाणी निथळल्यावर तिने जवळची कड धरून चौकट उभी केली.

मागून आवाज आला, नेहमीसारखाच कोरडा. "ठीक आहे."

झालं! तिचे डोळे भरून आले. मान खाली घालून ती चादर पडायची वाट पाहत राहिली. चादर काही पडेना. तिने वर पाहिलं.

आरशात, तिच्या खांद्यामागे, बाबा नाचत होते. चादर डोक्यावर गरागरा फिरवत, तोंडभर हसत, एका पायावर. इतकी वर्षं चादर आधी पडायची, मागचं तिला काही दिसायचंच नाही. आज आनंदाच्या भरात ती हातातच राहिली होती, आणि उभा जन्म आरसे करण्यात घालवलेला हा माणूस, समोर आता नुसती काच नाही, आरसा आहे, हेच साफ विसरला होता.

तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. मागे वळली नाही.

"बाबा, नीट बघून सांगा ना. कसा झालाय?"

"एकदा सांगितलं ना? ठीक आहे!" बाबा खेकसले, आणि त्यांनी आणखी एक गिरकी घेतली.